फॉल्ट येतो आणि जातो: ट्रकच्या वायरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते, गाडीचा करंट कुठेतरी जातो, परत येतो, आणि गॅरेजला नेली की सगळं ओके. यावेळी म्हणून फक्त तेवढेच प्रश्न घेतलेत. सारखे होते ते एकत्र केलेत, आणि पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: मिरकरवाड्यावरून मासळी घेऊन कोल्हापूर, कधी बेळगाव अशी आमची गाडी जाते. २४ व्होल्टची आहे, मागे बर्फाची बंद बॉडी. आंबा घाटात वळणावर अचानक मीटरचे सगळे काटे खाली बसतात, डॅशबोर्डच्या लाइटी जातात आणि दोन सेकंदांत परत येतात. कधी साखरप्याला चहाला थांबून निघताना चावी मारली तर नुसतं टक् वाजतं, सेल्फ फिरत नाही, मग दहा मिनिटांनी फिरतो. दोन्ही बॅटऱ्या नवीन टाकल्या, अल्टरनेटर बदलला, सेल्फ बांधून घेतला. पैसे गेले, फॉल्ट तिथेच. गॅरेजवाले म्हणतात गाडीत काहीच नाही. आता काय बदलू?
— ट्रकमालक, रत्नागिरी

उत्तर: दादा, आता काहीच बदलू नका. जोपर्यंत फॉल्ट मीटरवर आकड्यात दिसत नाही तोपर्यंत एक रुपयाचा पार्ट घ्यायचा नाही, एवढं आधी ठरवा. तुमच्या ज्या तीन वस्तू बदलल्या त्या तिन्ही बहुतेक चांगल्या होत्या, कारण बॅटरी खराब असेल तर ती सकाळी थंडीत पहिली नडते, चहाच्या थांब्यानंतर नाही.

पहिलं काम वहीचं. क्लीनरच्या हातात एक वही द्या आणि प्रत्येक वेळी फॉल्ट आला की लिहायला सांगा, वळण डावं की उजवं, चढ की उतार, गाडी भरलेली की रिकामी, पाऊस होता का, हेडलाइट चालू होते का, इंजिन किती तापलेलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या क्षणी काय काय गेलं आणि काय चालू राहिलं. मीटर गेला पण हेडलाइट राहिले का? इंजिन एकदा तरी अडखळलं का? हॉर्न वाजत होता का? कारण चार वस्तू एकदम जात असतील तर चारही खराब नसतात, त्या चौघांची जी एक सामाईक वायर, सामाईक फ्यूज किंवा सामाईक अर्थिंग आहे तिथे गडबड असते, आणि हे डोकं लावलं की निम्मी गाडी शोधायची गरजच उरत नाही.

तुमच्या लिहिण्यावरून मला दोन जागा दिसतात. वळणावर डॅशबोर्ड जातो म्हणजे केबिन आणि चासी यांच्यामध्ये जे हलतं तिथे बघायचं. केबिन उचलायची असते म्हणून पुढे बिजागरीजवळून जाड हारनेस, म्हणजे वायरींचा जुडगा, केबिनमध्ये चढतो, तो रोज वळणावळणाला थोडा थोडा वाकतो, आणि कधीतरी वायरीच्या आतली तांब्याची तार तुटते पण वरचं प्लास्टिक मात्र धड राहतं. बाहेरून हात फिरवला तरी कळत नाही. तिथेच केबिनची वेगळी अर्थिंग पट्टी पण असते, विणलेली चपटी, ती बऱ्याच गाड्यांत अर्धी कुजलेली सापडते. चावी ऑन करून एकाने डॅशबोर्डकडे बघायचं आणि दुसऱ्याने हारनेस हाताने इंच इंच वाकवत जायचं, घाई नाही, एका जागी चार-पाच वेळा, मग पुढे. काटा हलला की थांबा. केबिन उचलून काम करत असाल तर लॉक लागलाय का आणि दांडा बसलाय का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, कोण कितीही घाई करो.

आता टक्. याच्यासाठी साधा डिजिटल मीटर लागतो, महागातला नको, पण पिना चांगल्या हव्यात. डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही बॅटऱ्या मिळून २५.२ ते २५.६ व्होल्ट दिसले म्हणजे चार्ज पूर्ण आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, चाकाला दगड. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिश्याच्या खुंटीवर लावा, लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर नाही, खुद्द खुंटीवर, आणि लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर उघड्या लोखंडाला. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे, खरं तर बराच आत. तिथे एक-दोन व्होल्ट दिसले तर निगेटिव्हच्या रस्त्यात कुठेतरी अडथळा आहे, मग लाल पिन एकेक जॉइंट जवळ आणत जायचं, इंजिनवरून अर्थिंग पट्टीवर, पट्टीवरून चासीच्या बोल्टवर, चासीवरून केबलच्या लगवर, आणि ज्या जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो तो जॉइंट तुमचा चोर. असंच पॉझिटिव्हला, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथेही अर्धा व्होल्ट ही हद्द.

आता अनेक जण इथे ओहमच्या सेटिंगवर केबल तपासतात आणि शून्य दाखवतोय, केबल चांगली आहे असं म्हणून मोकळे होतात. त्याचा काही उपयोग नाही. नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्णच दिसतं, पाइप किती तुंबलाय ते नळ सोडल्यावरच कळतं, तसं आहे हे. मोठ्या गाडीचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ३०० अँपिअर धरा आणि जॉइंटमध्ये फक्त ०.०१ ओहमचा अडथळा धरा, तरी तिथे ३ व्होल्ट खाऊन टाकले, आणि तेवढ्या वेळापुरते ९०० वॅट त्या एका बोल्टवर उष्णता म्हणून निघाले. साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही, त्याच्या पिनांचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्ट मोजायचे, दुसरा मार्ग नाही. याच्यातूनच एक सोपी खूण मिळते, सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर लगेच हात जपून लगांजवळ नेऊन बघा, जो एक लग बाकीच्यांपेक्षा गरम लागतो तिथे काम आहे.

इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं हे लक्षात घ्या, म्हणजे चासीशी त्याचा करंटचा संबंध फक्त इंजिनच्या एका अर्थिंग पट्टीने. ती कुजली की करंट दुसरी वाट शोधतो, ॲक्सिलेटरची केबल, गिअरचा दांडा, जे सापडेल ते, आणि केबल गरम होऊन कडक झाली की लोक केबल बदलत बसतात.

आता मुळाशी येऊ, कारण नवीन पट्टी टाकली तरी तुमच्या गाडीत ती परत जाईल. मासळीच्या बर्फाचं पाणी म्हणजे मिठाचं पाणी, आणि ते बॉडीच्या नळीतून कुठे पडतंय हे वाकून बघा. पुष्कळ गाड्यांत ते चासीवरून ओघळत बॅटरी बॉक्सच्या आसपास जातं. पितळी किंवा कथिल चढवलेला तांब्याचा लग, खाली लोखंडी चासी, मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे तिथे आपोआप एक छोटी बॅटरीच तयार होते आणि धातू खात राहते. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून वरून सुकलेलं दिसलं तरी जॉइंट आतून ओलाच असतो, आणि आपल्याकडची किनाऱ्यावरची हवा काही कोरडी नसते. घाटावरच्या गाडीत जो जॉइंट दहा वर्षं टिकतो तो इथे दोन-तीन पावसाळ्यांत हिरवा पडलेला मी बघितलाय. त्यामुळे पाण्याची नळी लांब करून चासीच्या बाहेर, केबल नसलेल्या बाजूला सोडा, आणि ट्रिप झाली की बॅटरी बॉक्स आणि चासीचे अर्थिंग पॉइंट गोड्या पाण्याने धुवा. प्रेशरची नळी कपलरवर, म्हणजे वायरी एकमेकींत खोचायच्या प्लास्टिकच्या जोडावर, मारायची नाही, त्याने पाणी आत जातं.

जॉइंट करताना लग कापून तांबं बघायचं. लालसर चकचकीत दिसलं पाहिजे. काळं असेल तर काळं संपेपर्यंत मागे कापत जा, आणि एक वीतभर जाऊनही काळंच असेल तर केबलच नवीन. लग दाबायला हायड्रॉलिक प्रेस वापरा, हातोड्याने चेपलेला लग पुढच्या पावसाळ्यात परत सुटतो. चासीवर रंग खरवडून लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर टाका, बोल्ट घट्ट करा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडा. वायरीवर आतून गोंद असलेला हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. नुसती काळी टेप गुंडाळायची नाही, तिचा गोंद उन्हाने वितळतो, कड सुटते, पाणी आत जातं आणि मग बाहेर यायला वाट नसते.

एवढं करूनही डॅशबोर्ड गेलाच तर मीटरला दोन लांब वायरी जोडून त्या केबिनच्या फ्यूज बॉक्सच्या येणाऱ्या करंटवर आणि केबिनच्या अर्थिंगवर लावा, मीटरला कमीत कमी आकडा धरून ठेवायचं बटण असेल तर ते दाबा आणि घाट चढा. आकडा क्लीनरने बघायचा. ड्रायव्हरने रस्ता बघायचा.

प्रश्न: आमच्या आंब्याच्या गाडीला, १२ व्होल्टची आहे, ब्रेक मारला की मागचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात, आणि पार्किंग चालू असताना उजवा इंडिकेटर दिला तर पार्किंगच्या लाइटी पण त्याच्याबरोबर उघडझाप करतात. पण रोज नाही, मधूनच. फ्लॅशर बदलला. वाशीला रात्रीचं जायचं असतं, मागून ठोकलं कोणी तर काय?
— बागायतदार, देवगड तालुका

उत्तर: मागच्या लाइटीच्या संचाची अर्थिंग गेलीय, ९९ टक्के दुसरं काही नाही. त्या डब्यातल्या सगळ्या बल्बांची निगेटिव्ह एकच असते. ती तुटली की ब्रेकचा करंट परत जायला दुसऱ्या बल्बातून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या फिलामेंटमधून, तिथून पलीकडे, आणि जिथे अर्थिंग सापडेल तिथे उतरतो. म्हणून सगळे अर्धवट पेटतात. फ्लॅशरचा यात काही दोष नव्हता.

खात्री करायला बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट मागच्या डब्याच्या निगेटिव्हला टेकवा. लाइटी लखलखल्या तर काम झालं, तशीच कायमची वायर चासीच्या स्वच्छ जागेपर्यंत ओढा. लाकडी फळीच्या किंवा रंगवलेल्या पत्र्याच्या स्क्रूवर अर्थिंग देऊ नका, आंब्याच्या गाड्यांत हेच सगळीकडे केलेलं असतं, वेगळी बॉडी बांधणारा सुतार लाइट जिथे बसते तिथेच जवळच्या स्क्रूला वायर गुंडाळतो. एक अजून बघा, ब्रेक आणि पार्किंगचा जो दोन फिलामेंटचा बल्ब असतो, २१ आणि ५ वॅटचा, त्याच्या खुंट्या खालीवर असतात म्हणजे तो उलटा बसू नये, पण होल्डर सैल झाला की लोक एक फिलामेंटवाला बल्ब ठोकून बसवतात आणि तो दोन्ही टोकं एकत्र जोडतो. दोष हुबेहूब असाच दिसतो.

तुम्ही लिहिलंय रोज नाही, मधूनच. म्हणून हे काम टाळलं जातं. कृपा करून सीझनच्या आधी करा, मागून ट्रेलर येत असतो आणि त्याला कळतच नाही पुढच्याने ब्रेक मारलाय.

प्रश्न: भाऊ, आमचो टेम्पो सकाळी एका चावयेक सुरू होता, पण दुपारी मालवणात बाजारात माल उतरवून झालो की सुरूच होणा नाय. टक् पण वाजणा नाय. थंड झालो की परत होता. काय करूचा?
— मालवण

उत्तर: टक् वाजत नाही ही माहिती लाखमोलाची दिलीत. रत्नागिरीच्या दादांच्या गाडीत टक् वाजतं म्हणजे हुकूम सेल्फपर्यंत पोचतोय पण ताकद पोचत नाही, तुमच्याकडे हुकूमच पोचत नाहीये किंवा सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा विजेचा खटका, ओढत नाहीये. दोन्हींचा शोध वेगळा, म्हणून वायरमनकडे गेलात की गाडी सुरू होत नाही एवढंच सांगू नका, काय आवाज येतो ते सांगा.

१२ व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी झाळा. एक निगेटिव्हला, एक सोलेनॉइडवर जी बारीक वायर येते तिच्या टर्मिनलला. दुपारी फॉल्ट असतानाच, चावी मारून धरा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला आणि तरी सोलेनॉइड गप्प असेल तर सोलेनॉइड किंवा सेल्फ. बल्ब पेटलाच नाही किंवा लाल मिणमिणला तर दोष मागे आहे, चावीचा स्विच, रिले (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), क्लच दाबल्यावर चालणारा स्विच असेल तर तो, किंवा मधला एखादा कपलर. बल्ब यासाठी की तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे वायरीला थोडं तरी काम लावतो. नुसता मीटर किंवा एलईडीचा टेस्टर लावलात तर एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि फसवते.

गरम झाल्यावरच का, तर तांब्याचा अडथळा दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनाशेजारी सोलेनॉइड ५० डिग्रीने जास्त तापला तर त्याच्या कॉइलचा अडथळा २० टक्के वाढला, त्यामुळे करंट साधारण १७ टक्के कमी, आणि ओढ पण कमी. कॉइल चांगली असेल आणि वायरीतून पूर्ण व्होल्टेज येत असेल तर एवढ्याने बिघडत नाही, पण रिलेचे पॉइंट जळलेत, कपलर हिरवा पडलाय, दीड-दोन व्होल्ट तिथेच खाल्ले जातायत, आणि वर ही गर्मी, मग राहतं ते. रिले तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघणं. चाललं तर लगेच कळेल. पण आधी रिलेवरचा आकृतीचा छाप जुळवून घ्या, दिसायला सारखे आणि आतून वेगळे असतात.

प्रश्न: चिपळूणला २०२१ च्या पुरात सापडलेली गाडी स्वस्तात मिळाली, बीएस६ आहे. उन्हाळाभर काही नाही, पाऊस आला की चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप जातो. स्कॅनर लावला की दरवेळी वेगळाच सेन्सर दाखवतो, दोन सेन्सर बदलून झाले. तिसरा बदलू का?
— वाचक, खेड

उत्तर: नका बदलू. दरवेळी वेगळा सेन्सर येतोय हेच सांगतंय की सेन्सर खराब नाहीत. स्कॅनर फक्त एवढंच सांगतो की अमुक सेन्सरकडून आलेला आकडा पटण्यासारखा नाही. आकडा सेन्सरने चुकवला, वायरीने चुकवला की कपलरने, ते त्याला माहीत नसतं. बऱ्याच सेन्सरना ईसीयूकडून, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडून, एकच ५ व्होल्टची सामाईक लाइन जाते, एखाद्या सेन्सरजवळ ती घासून बॉडीला टेकली की त्या लाइनीवरचे बाकीचे पण खोटं बोलायला लागतात. कोणत्याही एका सेन्सरच्या कपलरवर ते ५ व्होल्ट मोजा. कमी असतील तर त्या लाइनीवरचे सेन्सर एकेक करून कपलरमधून काढा, ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तिकडे चला. सगळे काढूनही नाही आले तर मधली वायर घासलीय.

पुराच्या गाडीची खरी गोष्ट मात्र वेगळी आहे. २२ जुलै २०२१ ला जे पाणी चिपळुणात भरलं ते चिखलाचं होतं, आणि कपलरमध्ये शिरलेला बारीक चिखल सुकून तिथेच राहतो. कोरडा असताना तो काही करत नाही, हवेत दमटपणा आला की त्याच्यातून दोन पिनांमध्ये करंट पाझरायला लागतो. तुमचा उन्हाळाभर काही नाही, पाऊस आला की सुरू, याचा उगम हाच असणार. शिवाय पाणी तांब्याच्या तारांमधून प्लास्टिकच्या आत वर चढतं, फूट-दोन फूटसुद्धा, त्यामुळे कपलर साफ केला तरी वायर आतून काळी पडत राहते.

काम कंटाळवाणं आहे पण करावंच लागेल. बॅटरी काढा, गाडीच्या खालच्या भागातले, म्हणजे पुराची रेघ जिथवर होती त्याच्या खालचे सगळे कपलर एकेक उघडा, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पिना बारीक ब्रशने घासा, सैल पिना बदला, सिलिकॉनचं रबर सील फाटलं असेल तर नवीन टाका. ईसीयूचा कपलर पण उघडून बघा, तिथे हिरवं दिसलं तर जाणकार माणसाकडेच द्या, पिना वाकल्या तर खर्च फार मोठा. ईसीयू आणि डॅशबोर्डचा मीटर ज्या दोन पिळलेल्या वायरींवर एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनीची तपासणी सोपी आहे, बॅटरी काढलेली असताना त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो म्हणून दोघांचे मिळून ६० दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक किंवा मधली वायर तुटली. ६० पेक्षा बरेच कमी दिसले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींत पाझरतायत. हे मोजमाप पावसाच्या दिवशी करा आणि उन्हाच्या दिवशी परत करा, फरक पडला तर चिखल अजून आत आहे.

आणि एक विनंती, फक्त तुम्हाला नाही, सगळ्यांनाच. वायर तपासायला टाचणी टोचू नका. बाकी देशात चालत असेल, आपल्याकडे त्या एवढ्याशा भोकातून खारी हवा आत जाते आणि वर्षभरात तिथेच वायर तुटते. कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने बारीक पिन सरकवा. अगदी टोचावंच लागलं तर त्या जागी लगेच लिक्विड टेप लावा.

प्रश्न: मिस्टरांची २४ व्होल्टची गाडी आता मी बघते, ड्रायव्हर ठेवलाय. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि दोन्हींपैकी नेहमी एकच खराब होते, दुसरी चांगली असते. दुकानदार म्हणतो बॅटरीचं नशीब.
— गुहागर

उत्तर: ताई, नशीब नाही. ड्रायव्हरला विचारा टेप आणि मोबाइलचा चार्जर कुठून जोडलाय. १२ व्होल्टचा टेप २४ च्या गाडीला चालवायला दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतात, मग ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, आणि अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो, त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरीला जास्त चार्ज होतो. दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा, पाव-अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर हेच. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो टाकून टेप त्याच्यावर घ्या. जोड बदलायची तर दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला, एक जुनी एक नवी लावू नका.

तरीही उतरत असेल तर गाडी बंद करून, दारं लावून, तासभर थांबून निगेटिव्ह केबल काढा आणि तिथे मीटर अँपिअरवर मध्ये घाला. काही दशांश अँपिअर जात असतील तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्याच्यावर पडला ती लाइन. मीटर मध्ये असताना चावी मारू नका, मीटर जाईल.

प्रश्न: मी कुंभार्ली घाटातून कराडला कांदा आणायला जाणारी गाडी चालवतो, १२ व्होल्टची. रात्री घाटात दोनदा हेडलाइट पूर्ण गेले, दोन-तीन मिनिटांनी आपोआप आले. मालक म्हणतो सकाळी तर लागतायत, तुझा वहीम आहे.
— ड्रायव्हर, चिपळूण

उत्तर: वहीम नाही. आणि हे काम होईपर्यंत रात्री घाटात गाडी घालू नका, मालकांना हे पान दाखवा.

मूळचे बल्ब ६० आणि ५५ वॅटचे असतात, म्हणजे एका बल्बाला ५ अँपिअर. उजेड कमी पडतो म्हणून कोणी १०० वॅटचे टाकले असतील तर प्रत्येकी सव्वाआठ अँपिअर, दोन मिळून साडेसोळा, आणि काही जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांड्याच्या स्विचमधूनच जातो. त्याचे पॉइंट तापतात, काही गाड्यांत गरम झाल्यावर उघडणारा आणि थंड झाल्यावर आपोआप लागणारा कटआउट असतो. दोन-तीन मिनिटांनी परत येणं म्हणजे अगदी त्याचीच चाल. सकाळी गॅरेजमध्ये दहा सेकंद लावून बघितलं तर काही दिसणारच नाही, हेडलाइट अपरवर अर्धा तास चालू ठेवा, इंजिन चालू ठेवून, आणि मग स्विच, फ्यूजचा होल्डर आणि कपलर हाताने तपासा. तापलेला, पिवळा पडलेला किंवा वितळलेला भाग सापडेल. फ्यूज १५ चा असेल तर तिथे ३० चा टाकायचा नाही, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

इलाज म्हणजे मूळ वॅटचे बल्ब परत लावणं आणि बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर, अपर-डिपरला दोन वेगळे रिले, स्विचने फक्त रिले चालवायचे. करून घेतल्यावर बल्बाच्या मागे व्होल्टेज मोजा, इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ असतील तर बल्बावर साडेतेराच्या खाली नको. बऱ्याच वेळा एवढ्यानेच मूळ बल्ब इतका उजेड देतात की १०० वॅटची गरज वाटत नाही. डाव्या आणि उजव्या दोन्ही बल्बांवर वेगवेगळं मोजा, आणि अर्थिंगच्या बाजूने पण मोजा, बल्बाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वर रत्नागिरीच्या दादांना सांगितलंय तेच काम तुमच्याकडे पण आहे.